मायला नावेत बसवायचं आहे



तारीख १० जानेवारी २०२५. आधी वावराची नोंद. तूर कापून गंजी लागली आहे, मळणी यंत्राचा नंबर पुढच्या आठवड्यात. कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. फरदड घेणार नाही, बोंडअळीला आयतं घर करून द्यायचं नाही. हरभरा घाट्यावर आला. डिसेंबरच्या शेवटी आभाळ आलं आणि कामगंध सापळ्यात पतंग एकदम वाढले, म्हणून इमामेक्टिनची एक फवारणी उरकून घेतली. संत्र्याचा मृग बहार झाडावर आहे, सौदा झाला, बयाणा मिळाला.

आता दुसरी नोंद. माझ्या पिकाच्या वहीची शेवटची चार पानं गेले दोन महिने पिकाच्या कामाची राहिली नाहीत. तिथं लिहिलंय ते असं: नाव किती माणसांची, जॅकेट, वारा, धरणाचा भोंगा, सोमवती, हनुवंतिया, कुट्टनाड. लेकरं म्हणतात बाबा, सहलीला चाललो की पंचनाम्याला?

झालं असं की दिवाळी झाल्यावर ओसरीत कापूस साफ करता करता माय म्हणाली, "बावा, मले एकदा मैयाच्या पान्यात नावेत बसव." मैया म्हणजे नर्मदा. मी हातातलं बोंड खाली ठेवलं. कारण हे मायनं म्हणावं हेच नवल होतं.

जुलै २०२३ आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. एका रात्रीत नाल्यांनी वाटा बदलल्या. माझं नाल्याकाठचं दोन एकर खरडून गेलं. सोयाबीन तर गेलंच, पण खालचा मुरूम वर आला आणि बापानं तीस वर्षं शेणखत टाकून केलेली माती कुठल्या कुठं गेली. पंचनाम्यात तीन शब्द आले, "खरडून गेलेली जमीन". त्या रात्री मायला शाळेच्या खोलीत नेलं, तेव्हा गुडघाभर पाण्यातून तिला मी पाठीवर घेतलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात नाल्याचा आवाज वाढला की ती बॅटरी घेऊन बसून राहते, झोपत नाही. अशी बाई स्वतःहून म्हणते नावेत बसव.

म्हटलं, "माय, तुले तर पान्याचा भेव वाटते ना?"

"वाटते त. पन मैयाचा नाही वाटत." एवढंच बोलली आणि पुन्हा सरकी काढायला लागली.

आपल्या भागात नाव हा काही रोजचा विषय नाही. वान नदी सातपुड्यातून उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा पुढं चांगदेवला तापीत जाते. पण वर्षातले सात-आठ महिने आपल्या नद्यांत नाव नाही, ट्रॅक्टर चालतो, आणि तो कशासाठी चालतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः पन्नाशीला आलो तरी नावेत बसलेलो नाही आणि मला पोहता येत नाही. वारी भैरवगडला हनुमान सागर धरण आहे, आपल्या १४० गाव योजनेचं पाणी तिथूनच येतं. पाणी भरपूर, पण आजूबाजूला मेळघाटाचं राखीव जंगल, तिथं सहलीची बोट कुठली चालणार. आणि खालचा मामा-भाचा डोह म्हटलं की घरोघरच्या आया अजून कानाला धरतात.

मायचं मात्र तसं नाही. तिचं माहेर पूर्णाकाठी. लहानपणी पल्याडच्या वावरात जायला भोयाचा डोंगा होता. हे मला माहीतच नव्हतं. या सहलीच्या निमित्तानं पहिल्यांदा कळलं की माय सात-आठ वर्षांची असताना भाकरीचं टोपलं मांडीवर घेऊन रोज डोंग्यातून जायची. भोयाचे नियम तिला अजून पाठ आहेत. डोंग्यात कोणी उभं राहायचं नाही. जड माणूस मधे. बकरी नेली तर तिचे पाय बांधायचे. पाणी गढूळ झालं आणि त्यावर काडीकचरा वाहून यायला लागला की भोई डोंगा काढायचा नाही, मग वरून पाटील येवो की मामलेदार. "काडी दिसली की वर पाऊस हाय," असं तो म्हणायचा.

तर चौकशी सुरू झाली. पोरगं अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते. त्याचं म्हणणं पडलं केरळ. म्हणे अलप्पुळ्याला हाऊसबोट असते, दोन खोल्यांची, स्वयंपाक नावेतच. मी म्हटलं भाऊ, एवढ्या दूर नुसतं नावेत झोपायला? तर त्यानं मला कुट्टनाडचं वाचायला पाठवलं आणि मी दोन रात्री तेच वाचत बसलो.

मंडळी, ते वाचण्यासारखं आहे. कुट्टनाडात धानाची शेती समुद्रसपाटीपेक्षा एक-दोन मीटर खाली होते. कायल म्हणजे उथळ सरोवर, त्याला बांध घालायचा, आतलं पाणी उपसून काढायचं, मग पेरायचं. पाणी वावराच्या वर आणि वावर पाण्याच्या खाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये या पद्धतीला जागतिक वारशाच्या शेतीचा मान दिला. डॉ. स्वामीनाथन यांचं घराणं मूळचं तिथल्याच मंकोंबू गावचं. आणि ज्या हाऊसबोटीत लोक आता सहलीला बसतात, ती मुळात धान वाहून नेणारी मालनाव. केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. रस्ते झाले, ट्रक आले, नावा रिकाम्या झाल्या, मग त्यांच्यावर खोल्या चढल्या. आपल्याकडे जुनी दमणी आता लग्नाच्या हॉलसमोर फोटोसाठी ठेवतात, त्यातलाच प्रकार, फक्त त्यांची अजून चालते.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तिथली आणखी एक गोष्ट चटकन कळेल. समुद्राचं खारं पाणी धानात घुसू नये म्हणून १९७६ मध्ये तण्णीरमुक्कम इथं आडवा बांध पूर्ण झाला. उन्हाळी धानासाठी साधारण डिसेंबरपासून त्याची दारं लावून घेतात. धान वाचलं, पण पाणी कोंडलं, पाणवनस्पती माजली, मासे कमी झाले, आणि दारं कधी उघडायची यावर शेतकरी आणि कोळी यांचं भांडण दरवर्षी. त्यांचं मीठ बाजूनं येतं, आपलं खालून. आपल्या पूर्णेच्या गाळात, भूजलात ते आधीच बसलेलं आहे, विहीर खोल केली तर जास्तच वर येतं. त्यांना दार तरी लावता येतं. आपण जिप्सम टाकायचं, पावसाचं गोड पाणी शेततळ्यात साठवायचं आणि निचऱ्याकडे लक्ष द्यायचं.

तरी केरळ वहीतून खोडलं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे सहलीचे पैसे काय ते संत्र्याच्या बयाण्यातून. पाच माणसांचं जाणं-येणं त्यात बसत नव्हतं. आणि मायनं नर्मदा सांगितली होती, सरोवर नाही.

मग नववीतली पोरगी पुढं सरसावली. तिनं मोबाईलवर हनुवंतिया काढलं. खंडवा जिल्ह्यात, मूंदीकडून जावं लागतं. इंदिरा सागर धरणाच्या पाण्याकाठी मध्य प्रदेशच्या पर्यटन खात्यानं हे ठिकाण केलंय, २०१६ पासून तिथं जलमहोत्सव भरतो. तंबूत राहायचं, बोटीत फिरायचं. चित्रफितीत पाणी एवढं की पलीकडचा काठ दिसत नाही. नर्मदेचंच पाणी, घरापासून एका दिवसाचा रस्ता, खर्च आवाक्यात. मला तर हेच पटलं होतं. चित्रफिती काढणारी मंडळी जेवणाचं ताट तीन-तीन मिनिटं दाखवतात आणि नावेतल्या माणसांच्या अंगात जॅकेट आहे की नाही हे पाहायला आपल्याला थांबवून थांबवून बघावं लागतं, हा भाग वेगळा.

संध्याकाळी मायला मोबाईल दाखवला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "एवढं पानी कुठून आलं?"

"धरणाचं हाय माय."

"मंग खाली कोनाचं गाव हाय?"

मला उत्तर आलं नाही. रात्री शोधलं. इंदिरा सागर २००५ मध्ये पूर्ण झालं. साठा १२.२ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ४३० टीएमसी, आपल्या कोयनेच्या चौपट. साठवणीच्या हिशेबानं देशात पहिला नंबर. बुडीत क्षेत्र ९१३ चौरस किलोमीटर, एकरात सव्वादोन लाखांच्या वर. त्यात जंगल आलं, काळी रानं आली आणि हरसूद नावाचं अख्खं गाव आलं. गाव कसलं, तालुक्याचं ठिकाण, बाजारपेठ, रेल्वे स्टेशन. २००४ च्या पावसाळ्याआधी लोकांनी आपापल्या हातानं आपली घरं पाडली, दारं-चौकटी ट्रकांत भरल्या. त्या वेळचे फोटो पाहिले. विटा काढताना एकेक वीट झाडून बाजूला ठेवणारी माणसं आहेत त्यात.

हे मायला सांगावं की नाही, असं झालं मला. कारण तिचं माहेर जिगावच्या बुडितात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदुरा तालुक्यातल्या जिगावजवळ पूर्णेवर मोठं धरण होत आहे. नांदुरा, जळगाव जामोद आणि आपल्या संग्रामपूरच्या पूर्णाकाठच्या गावांना ते ओळीनं गिळणार. मामाचं घर मोजून झालं, वावराच्या मोजण्या झाल्या, मोबदल्याचे कागद अजून फिरतायत. मारोतीच्या देवळाचं काय करायचं यावर गावात चार मतं. मी या धरणाच्या विरोधात आहे असं समजू नका. खारपाणपट्ट्यात गोड पाणी आलं तर तिथल्या पोरांच्या आयुष्यात काय फरक पडेल हे मला कळतं. खारं पाणी पिऊन किडनी गेलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. मी स्वतः नळाला जे पाणी पितो ते वानच्या धरणाचंच. पण मामाच्या अंगणात उभं राहिलं की हे सगळे मुद्दे डोक्यात असतात आणि तोंडातून निघत नाहीत.

शेवटी सांगितलं. माय म्हणाली, "तुमी जा तिकडं लेकराइले घेऊन, चांगलं हाय. मले कोनाच्या वावरावरून नको नेऊ." पोरगी हिरमुसली, पण बोलली नाही. वहीतून हनुवंतिया खोडलं नाही, पुढच्या वर्षासाठी चौकट करून ठेवलं.

राहिलं ओंकारेश्वर. रस्ता आपल्याला सरळ आहे. जळगाव जामोदवरून बऱ्हाणपूर, तिथं तापी ओलांडायची, असीरगड डाव्या हाताला ठेवून खंडवा, मग ओंकारेश्वर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आधीच्या पिढीला हे आणखी सोपं होतं. अकोला-खंडव्याची मीटरगेज होती, हिवरखेडला बसायचं, धुळघाटात गाडी स्वतःच्याच रुळावरून वळसा घालून चढायची, आणि मोरटक्क्याला उतरायचं. माझी आजी अशीच जाऊन आली होती. ती गाडी रुंदीकरणासाठी बंद पडली. नवा मार्ग मेळघाट टाळून आपल्या सोनाळ्याकडून नेणार म्हणतात, तो होईल तेव्हा होईल.

ओंकारेश्वरला नदीच्या मधोमध मांधाता बेट आहे, त्यावर मंदिर. घाटावरून नाव मिळते, पलीकडे सोडते किंवा बेटाला फेरी मारते. तास-दीड तासाचा खेळ. पण सहल म्हणजे केवळ तेवढीच नाव, म्हणून त्या दीड तासाची जितकी चौकशी करता येईल तितकी मी केली, आणि इथंच वहीची पानं भरली.

सुरुवात केली ती अपघातांच्या बातम्यांपासून. फवारणी शिकायची तर आधी विषबाधेच्या केसेस वाचाव्यात, तसंच. १४ सप्टेंबर २०२१, आपल्या अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातलं झुंज, वर्धा नदी. दशक्रियेला आलेलं कुटुंब लहान नावेत बसून निघालं, ११ जण गेले. २१ मे २०२४, उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावर संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात बोट उलटली, ६ जण गेले. ७ एप्रिल २००५, देवास जिल्ह्यातलं धाराजी. अमावस्येची यात्रा भरलेली, लोक नर्मदेच्या पात्रात उतरलेले, आणि वरून इंदिरा सागरचं पाणी सुटलं. ६० च्या वर माणसं वाहून गेली. तिथं तर नावही नव्हती, नुसते काठावर, पात्रात उभे होते.

तिन्हींत मला वेगवेगळं कारण दिसलं. एकात वजन, दुसऱ्यात वारा, तिसऱ्यात वरून सोडलेलं पाणी. त्याप्रमाणे वहीत तीन प्रश्न लिहिले.

वजनाचं आपल्याला बैलगाडीवरून समजतं. गाडी उलाळ झाली की जू वर जातं, मागं भार जास्त. धुरेवर भार पडला की बैल मान टाकतो. नावेत तेच, फक्त चारही बाजूंनी. नावेवर १०० किलो चढले की ती १०० लिटर पाणी बाजूला सारून तेवढी खाली बसते. म्हणजे भरलेले सहा फवारणी पंप ठेवल्यासारखं. काठ पाण्याच्या वर वीतभरच उरला आणि चार माणसं फोटोसाठी एका अंगाला उठली, की संपलं. वाऱ्याचं तर आपण फवारणीलाही पाळतो, सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाच. नावेची वेळही म्हणून सकाळी आठ. सोडलेल्या पाण्याचं असं की ओंकारेश्वरला मंदिराच्या अगदी वरच धरण आहे, २००७ पासून, ५२० मेगावॉटचं वीजघर. वीज लागली की पाणी सुटतं, पात्र तासाभरात चढतं. आधी भोंगा वाजतो.

कायदाही पाहिला. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा आहे, त्याआधी १९१७ चा होता. इंजिनाच्या बोटीला नोंदणी हवी, तपासणीचा दाखला हवा, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र हवं. म्हणजे मागितलं तर तो आपला आगाऊपणा ठरत नाही.

नर्मदा परिक्रमा करून आलेल्या गावातल्या एका बुवांनी दोन नंबर दिले. पहिल्याला फोन लावला. म्हटलं नाव किती जणांची? म्हणे बारा की. मग म्हणे, पर आप चिंता मत करो, अठरा भी बैठा लेते हैं. मी राम राम करून ठेवला. दुसरा म्हातारा निघाला. त्याला विचारलं भोंगा वाजला तर काय करता? तो म्हणाला, किनारे लगाता हूँ, फिर चाय पीता हूँ. मग त्यानंच मला उलट विचारलं, साथ में बुजुर्ग कौन है, घुटने कैसे हैं, सीढ़ी कितनी उतर पाएँगी. तेवढ्यावर मी त्याला वहीत चौकट केली.

आता सोमवतीचं भांडण. ३० डिसेंबरला सोमवती अमावस्या होती आणि मायला त्याच दिवशी जायचं होतं. कारण काय, ते आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. दासगणू महाराजांच्या गजानन विजय ग्रंथात ती कथा आहे. सोमवतीला बंकटलाल वगैरे मंडळी महाराजांना घेऊन ओंकारेश्वरला गेली. गर्दीनं रस्ते भरले, म्हणून परतताना नाव केली. नाव खडकावर आपटली, भोक पडलं, पाणी आत आलं, आणि महाराजांनी स्तवन केल्यावर नर्मदा स्वतः बाईच्या रूपात येऊन भोकाला हात लावून नाव काठाशी घेऊन आली. माय पोथीचं पारायण करते, तिला ती कथा शेजारच्या घरात घडल्यासारखी माहीत आहे.

मी म्हटलं, "माय, त्या नावेत महाराज होते. आपल्या नावेत मी राहीन." ती हसली, पण दोन दिवस नीट बोलली नाही. मी धाराजीचं सांगितलं, अमावस्येची गर्दी सांगितली. तरी तिचं एकच, पोथीत सोमवतीच आहे. मी म्हटलं पोथीत गर्दीमुळेच नाव करावी लागली हेही आहे. हे मात्र तिला जरा लागलं.

आणि १८ डिसेंबरला मुंबईची बातमी आली. गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. १५ माणसं गेली. टीव्हीवर ती धडक पुन्हा पुन्हा दाखवत होते. घरचं माणूस म्हणालं, राहू द्या, देवदर्शन करून येऊ, नाव नको. पोरगी रडवेली झाली. मलाही मनातून सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन महिने मी जे शोधत होतो त्यातलं अर्धं, न जाण्याचं कारण शोधणंच होतं की काय, असं त्या रात्री वाटून गेलं.

मायनं टीव्हीकडे पाहत विचारलं, "त्याइच्या आंगात ते केसरी होतं का?"

बऱ्याच जणांच्या अंगात नव्हतं, असं वाचलेले लोक सांगत होते.

"मंग आपन घालू. अन सोमवती राहू दे."

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून पोरानं पाच जॅकेटं आणली. नावाड्याकडे असतात म्हणतात, पण कोणत्या मापाची, बकल धड आहे का, काही सांगता येत नाही. जॅकेट वजनाच्या मापानं घ्यावं लागतं. सैल राहिलं तर पाण्यात ते वर येतं आणि माणूस खाली जातो. पोरीचं पहिलं बदलून आणलं. मायचं माप घेताना ती लुगड्यावरून पट्टा कुठं बांधायचा यावर हसून हसून बेजार झाली.

पण नवीन औषध आपण आधी एका ओळीवर मारून पाहतो. जॅकेटही पाहायला हवं होतं. माझं शेततळं 'मागेल त्याला शेततळे' मधलं, संत्र्यासाठी घेतलेलं, आत प्लास्टिक पन्नी. रविवारी दुपारी ऊन पाहून मी जॅकेट घातलं, कमरेला कासरा बांधला, एक टोक पोराच्या हातात, दुसरं टोक शेवग्याच्या बुडाला. घरचं माणूस काठावर कपाळाला हात लावून. माय बाजेवर.

पाण्यात उतरायचं ठरवलं होतं हळूच. पन्नीवर शेवाळ. पाय ठेवला तो थेट आतच गेलो. नाकातोंडात पाणी, थंडी अशी की श्वास आत घेता येईना. क्षणभर मला जॅकेटचा विसर पडला, हात-पाय झाडायला लागलो. आणि मग कळलं की तोंड पाण्याच्या वर आहे. मी काहीच करत नव्हतो तरी वर होतो. झाडणं थांबवलं. आभाळ दिसत होतं, काठावरची चार डोकी दिसत होती. पोरगी चित्रफीत काढत होती, ती इथं टाकणार नाही, मागू नका.

खरी फजिती पुढं. बाहेर येता येईना. उताराला पकडायला काही नाही, पन्नीवर हात घसरतो, गुडघा घसरतो. तीनदा चढलो, तीनदा खाली. पोरानं आणि त्याच्या मित्रानं मिळून कासऱ्यानं ओढून काढलं. मंडळी, हे तळं माझ्या वावरात सहा वर्षं आहे. त्यात माझी लेकरं, सालदाराची लेकरं आजूबाजूला खेळली आहेत. मी अडीचशे किलोमीटरवरच्या नावेची चौकशी करत होतो आणि माझ्या तळ्यातून पडलेला माणूस वर येऊ शकत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी दोन बाजूंना हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर सोडले, टोकं लोखंडी खुंट्यांना बांधली. एक हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब दोरासकट पाण्यावर ठेवली. कुंपणाची जाळी एका अंगाला फाटली होती, ती बुधवारी शिवली. ज्यांच्याकडे पन्नीचं तळं आहे त्यांनी ही नोंद वाचून झाल्यावर आधी दोर बांधावा, दीड-दोनशे रुपयांचं काम आहे.

मायनं हे सगळं बाजेवरून पाहिलं. मी कुडकुडत चहा पीत बसलो तेव्हा जवळ आली, जॅकेट हातात घेऊन दाबून दाबून पाहिलं. म्हणाली, "भोयाजवळ हे नव्हतं. त्याच्याजवळ वाळलेला भोपळा राहे, दोरीनं बांधलेला. माया बाप म्हने, पोरी, पडली त भोपळा धर, मले नको धरू." मग जरा थांबून म्हणाली, मामाकडे अजून तो भोपळा माळ्यावर असेल. घर मोकळं करताना विचारते.

तारीख ठरली. संक्रांतीची गर्दी सरलेली, मौनी अमावस्या २९ तारखेला आणि नर्मदा जयंती ४ फेब्रुवारीला, त्याआधीचा मधला आठवडा. मंगळवारी, २१ जानेवारीला पहाटे पाचला निघायचं, बुधवारी सकाळी आठला नाव. म्हाताऱ्या नावाड्याला तसं सांगितलंय, आम्ही पाच आणि तो एक, सातवा माणूस घ्यायचा नाही. हवामान खात्याचा अंदाज १९ ला पाहणार. वारा किंवा पाऊस सांगितला तर घाटावर बसून दर्शन घेऊ, नाव नाही, हे मायलाही कबूल आहे. जाताना मामाच्या गावावरून जायचं, थोडी वाकडी वाट पडते, पण तिला पूर्णेचं पाणी तांब्यात घेऊन मैयात सोडायचं आहे.

हरभऱ्याला घाटे भरतानाचं पाणी तोवर १८ च्या रात्रपाळीत देऊन ठेवतो. तुरीची मळणी २० च्या आत झाली नाही तर गंजीवर ताडपत्री टाकून सालदाराच्या भरवशावर सोडावी लागेल. कोणाचं मळणी यंत्र १७-१८ ला मोकळं असेल तर कळवा.